दोन लाल खटके आणि चांदमिनारपर्यंतची चढण

"दौलताबाद जा, मामू के घर दो रात रह, वापस आ. तू गिरा, या खुर्ची पे एक ओरखडा बी दिखा, तो खुर्ची ओसरी में और तू बी ओसरी में."

अब्बांनी एवढंच सांगितलं आणि पुन्हा शिलाई मशीनचं पायडल मारायला लागले. आमच्या अब्बांचं असंच आहे. माप एकदाच घेतात.

म्हणजे ही सहल नव्हती, परीक्षा होती. आणि परीक्षांचा माझा इतिहास काही बरा नाही. दहावीला दोनदा बसलो, दुसऱ्यांदा कसाबसा सुटलो. ही मात्र पास व्हायचीच, असं ठरवून निघालो.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी अजीम, सिल्लोडचा, वय चोवीस. शाळेत मन लागलं नाही, रस्त्यावर लागलं. कापसाच्या ट्रकवर बसून गुजरात पाहिला, मक्याच्या ट्रकवर बसून आंध्र. तीन वर्षांपूर्वी असाच एका कापसाच्या ट्रकवर, अगदी वर, गंज्यांवर बसलो होतो. दोर सुटला. कमरेखालचं अंग तेव्हापासून माझं ऐकत नाही. हात ठणठणीत, डोकं अम्मीच्या मते पहिल्यापासूनच बिघडलेलं. तीन वर्षं या ब्लॉगवर काही आलं नाही, कारण ओसरीत बसून प्रवासवर्णन लिहायचं म्हणजे काय लिहायचं? आज दूधवाला लवकर आला?

मग दीड महिन्यापूर्वी एका शिबिरात बॅटरीवर चालणारी खुर्ची मिळाली. देणाऱ्या माणसानं वीस मिनिटं शिकवलं आणि एक इंग्रजी पुस्तिका दिली. मला त्यातली चित्रं तेवढी समजली. उतारावर तिरपी खुर्ची, त्यावर मोठी फुली. फूटरेस्टवर उभं लेकरू, फुली. पावसात खुर्ची, फुली. चाळीस पानं नुसत्या फुल्या. मी एकेक फुली पाठ केली. एक चित्र मात्र नीट बघितलंच नाही. त्याचं पुढं येईलच.

खुर्चीचं थोडक्यात असं. उजव्या हाताला जॉयस्टिक, जिकडं ढकलाल तिकडं खुर्ची. वेगाचे पाच टप्पे. जॉयस्टिक सोडली की खुर्ची जागेवर थांबते, वेगळा ब्रेक दाबावा लागत नाही. पोटावर पट्टा. मागं दोन बारकी चाकं, ती जमिनीला टेकत नाहीत, खुर्ची मागं कलली तरच टेकतात. वजन साठ किलो, म्हणजे माझ्याहून जास्त. अब्बांनी बांबूच्या काडीला लाल कापड शिवून मागं झेंडा लावला, कारण बसलेला माणूस जीपवाल्याच्या बोनेटखाली जातो, दिसतच नाही. आणि जॉयस्टिकवर घालायला जाड प्लास्टिकची टोपी शिवली. एवढी मापात, की कंपनीवाल्यानं बघितली असती तर अब्बांना कामावर ठेवलं असतं.

सिल्लोड ते शहर

सकाळी सातला आमच्या गल्लीतले भगवानभाऊ आद्रक घेऊन शहराच्या बाजारात निघतात. त्यांच्या पिकअपमध्ये मागं पोती, पोत्यांच्या पुढं खुर्ची, आणि मी केबिनमध्ये. एसटीत असली खुर्ची चढत नाही, प्रयत्न करू नका. आणि गाडी चालू असताना खुर्चीत बसून जायचं नाही. सीट ती सीट, खुर्ची ते सामान.

चढवताना चौघांनी उचलली. एकानं हाताच्या टेकणीला धरलं, ती उपसून त्याच्याच हातात आली.

"आरं, हिचा हात निघला की!" तो घाबरला.

"निघतोच तो. खालच्या लोखंडाला धरा," मी केबिनमधून ओरडलो. खुर्ची बंद, बांधायचा दोरही लोखंडालाच, टेकणीला नाही. हे लिहून ठेवा.

फुलंब्रीला चहा झाला. चौक्याच्या घाटात भगवानभाऊंनी विचारलं, "अजीम, ट्रकावरून पडलास त्या दिवशी, खरं सांग, झोपला व्हतास का?"

"नाय. पुढच्या ट्रकच्या मागं काय लिहिलंय ते वाचत होतो."

"मग काय लिहिलं व्हतं?"

"तेवढंच आठवत नाय."

भगवानभाऊ इतके हसले की मी त्यांना समोर बघायला सांगितलं. घाट संपेपर्यंत मी पुढच्या प्रत्येक गाडीची पाठ वाचत गेलो. सवय जात नाही.

बाजारात आद्रक उतरलं, मग भाऊंनी मला गुलमंडीच्या अलीकडं सोडलं. ठरलेलं असं, की तिथंच लोडिंग रिक्षा बघायची आणि सरळ दौलताबाद. पण सकाळचे दहा वाजलेले, दुकानांची शटरं वर जातायत, कापडाच्या गठड्या सुटतायत, आणि माझ्याखाली चार्ज केलेली बॅटरी. म्हटलं, एक चक्कर.

गुलमंडीत खुर्ची चालवायची तर वेग एकवर. दोन नाही, एक. गर्दीत माणसं पुढं बघून चालत नाहीत, दुकानाकडं बघून चालतात. हॉर्न आहे, पण त्याचा आवाज खेळण्यातल्या मोटारीसारखा, लोक वळून खालीच बघतात. मी तोंडानंच म्हणत गेलो, "साइड द्या, साइड द्या, भाईजान जरा." नालीवरच्या जाळ्यांवरून कधी सरळ जाऊ नका, पुढचं बारकं चाक फटीत बसतं. स्पीडब्रेकर मात्र सरळच घ्यायचा, तिरपा घेतला तर एक बाजू उचलते.

आणि मग मला पतंगांचं दुकान दिसलं. संक्रांतीला आठ दिवस होते. मी थांबलो. थांबलो म्हणजे पाऊण तास. एक पतंग घेतला, का घेतला विचारू नका, आणि निघालो तर खुर्ची एका बाजूला ओढायला लागली. बघतो तर खाली पडलेला मांजा पुढच्या चाकाला दहा वेढे मारून बसलेला.

दुकानदार ब्लेड घेऊन आला. वाकणार तेवढ्यात मी म्हटलं, "चाचा, रुको. पैले बंद करता." बोट चाकात आणि माझं कोपर जॉयस्टिकवर, असं नको व्हायला. खुर्चीला कुणी हात लावायच्या आधी ती बंद करायची, हे पहिलं कलम. त्यानं मांजा कापून काढला.

"पतंग उडवतोय का गाडी?" तो म्हणाला.

"दोन्ही, चाचा."

लोडिंग रिक्षावाल्यानं दौलताबादला चारशे घेतले. माझी खुर्ची हायवेवर चालवायची नाही, हे मी स्वतःशीच ठरवलं होतं. छावणी, पडेगाव, मिटमिटा, सगळ्या रस्त्यावर बसगाड्यांची रांग असते, आणि माझा लाल झेंडा कितीही वर असला तरी तो झेंडाच आहे, भिंत नाही.

मामूंचं घर

टी-पॉइंटला जामाच्या टोपल्या लागल्या होत्या. आमच्याकडं पेरूला जाम म्हणतात. कुणी पेरू म्हणालं की समजायचं, पाहुणा आहे. मामूंचा मळा तिथून जवळच. मामू आणि मुमानी दोघंच राहतात, जाम विकतात, एक बकरी आहे.

"क्या रे, नवाब आया क्या अपना!" मामू दारात उभे. "कित्ती की गाडी?"

"मोफत में मिली, मामू."

"मोफत में कमर बी तोडके लेनी पडी, वो नै बोल रा," मुमानी आतून म्हणाल्या. मुमानींची जीभ तशीच आहे. पण ताटातली भाकर कधी संपू देत नाहीत.

बॅटरी चार्जिंगला लावताना तिथं एक अडचण निघाली. चार्जरची वायर जमिनीवर, आणि बकरी वायरकडं असं बघत होती जसं मी पतंगाच्या दुकानाकडं.

"पैले बकरी बांधो," मुमानी ओरडल्या, "बाद में बिजली लगाओ. नै तो सुबह दोनोंबी खतम."

वायर खिळ्याला टांगली, बकरी दुसऱ्या खुंटीला गेली. रात्रभर पूर्ण चार्ज करायचा, निम्म्यात काढायचा नाही, चार्जरवर कपडे वाळत घालायचे नाहीत. थंडीत मुमानींना तो गरम डबा लई आवडला होता, म्हणून हे विशेष सांगतो.

सकाळी उठलो तर मामू फडक्यानं खुर्ची पुसत होते. उताणे झोपून, खालून.

"मामू, खालून कायकू?"

"तेरे अब्बाका फोन था. बोले, खुर्ची नीचे से देखो. क्या देखने का वो समझ्या नै मेरे कू. मैंने पूरी साफ कर दी."

मी हसलो. अब्बांना तिथूनसुद्धा खुर्चीच्या ओरखड्याची काळजी, असं मला वाटलं.

किल्ला

आता खरी गोष्ट. अब्बांच्या अटीत किल्ला नव्हता. किल्ला माझ्या डोक्यात होता.

पायांचं चालत होतं तेव्हा मी दौलताबाद वरपर्यंत किती वेळा चढलो त्याची गणती नाही. अंधारीतल्या, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारातल्या, वटवाघळांचा वास मला पाठ आहे. आता ते होणार नाही, हे मला कळतं, त्यावर रडायला मी हे लिहीत नाही. पण किल्ल्यात खालीच असलेल्या चांदमिनारच्या पायथ्यापर्यंत जाता येईल, असा मी तीन वर्षं खाटेवर पडून हिशोब लावला होता. आणि तेही कुणाचा हात न लागता.

मुमानींनी निघताना पट्ट्याकडं बोट केलं. "ये लटकाने के वास्ते है क्या?"

"हळू तर जायचंय, मुमानी."

"मेरा अजीम बेटा, गिरनेवाला हळूच गिरता." आणि स्वतः वाकून पट्टा लावला, बक्कल ओढून बघितली.

रस्ता ओलांडताना एक सहलीची बस पूर्ण थांबेपर्यंत थांबलो. नुसता ड्रायव्हर दिसून चालत नाही, ड्रायव्हरला आपण दिसलो पाहिजे. त्यानं हात केला, मग निघालो.

तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढं वैजापूरचं एक कुटुंब होतं. साठीच्या एक मावशी, त्यांचे दोन भाचे आणि एक जावई. जावयाचं नाव सुनील, मोटारपंप दुरुस्त करणारा. त्याची नजर माझ्याकडं नव्हतीच, खुर्चीच्या मोटारींवर होती.

"ब्रेक कुठंय हिचा?" त्यानं विचारलं.

"ब्रेक लागत नाय. हात सोडला की जागेवर थांबती. डोंगरावर सोडा, हलणार नाय." हे मी जरा मोठ्यानंच म्हणालो. चारजण ऐकत होते ना.

"भारीच की!" मावशी म्हणाल्या. "आमच्या सुनीलला अशी बायको पायजे व्हती. हात सोडला की जागेवर."

"अन् मला असा नवरा," असं सुनीलची बायको म्हणाली असती, पण ती घरी होती, असं मावशींनीच सांगितलं.

पहिल्या दरवाजात दगडी फरसबंदीचा चढ आहे. लांब नाही, पण शेकडो वर्षं घासून गुळगुळीत झालेले दगड आणि मधे खाचा. मी वेग दोनवर ठेवला, सरळ रेषेत घेतलं, पुढं जरा झुकलो. निम्म्यात उजवं चाक खाचेत गेलं आणि जागच्या जागी फिरायला लागलं.

जॉयस्टिक सोडली. खुर्ची थांबली, चढावर, अगदी शहाण्यासारखी. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

"अरं ढकला की, बघत काय बसले!" मावशींनी भाच्यांना हाक दिली.

"नको मावशी, निघती ती," मी म्हणालो. पण आमच्याकडं कुणाची गाडी अडली आणि चार माणसं जवळ आहेत, तर नको या शब्दाला किंमत नसते. ट्रॅक्टर असो, बैलगाडी असो, आधी खांदा लागतो, मग विचारणं. मीही उभ्या आयुष्यात असाच किती गाड्यांना खांदा लावला आहे.

त्यांनी ढकललं, खुर्ची हलेना. हलणार कशी, मोटारीनं चाकं धरून ठेवलेली. सुनील खाली वाकला. मागं, मोटारींच्या शेजारी, दोन लाल खटके आहेत.

"हे बघ! जाम केलंय इथं," तो म्हणाला. आणि पंपाचा कारागीर तो, दोन्ही खटके एका झटक्यात वर केले.

जॉयस्टिकजवळ लाल दिवा लागला आणि टीं टीं टीं असा आवाज सुरू झाला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, दगडांनी हादरली असेल. खरं सांगतो, मला लाज वाटली, की माझी एवढी फुशारकीची खुर्ची सगळ्यांदेखत रडतेय. मी बटण दाबून ती बंद करून टाकली. आवाज थांबला.

खुर्ची लोण्यासारखी वर सरकली. "झालं की!" भाचे खूश. चढ संपायला चार हात उरले असतील, तेवढ्यात वरून कुणीतरी फोटोसाठी हाक दिली. आणि त्यांनी हात सोडला.

का नाही सोडणार? मीच सांगितलं होतं. डोंगरावर सोडा, हलणार नाय.

खुर्ची मागं निघाली. मी जॉयस्टिक पुढं दाबली, ती मेलेली. या खुर्चीला हातानं धरायच्या चाकावरच्या कड्या नसतात, धरायला काही नाही. मला दिसत होतं ते फक्त वरचं आभाळ आणि लांब जाणारे चार चेहरे. मागं काय होतं ते मला दिसत नव्हतं, आणि माझ्या मागं लोक होते.

"हटो! बाजूला व्हा!" एवढंच ओरडता आलं.

एक चाक त्याच खाचेत परत गेलं, खुर्ची फिरली आणि दरवाजाच्या भिंतीवर जाऊन आपटली. मागं कलली, बारकी चाकं खाडकन टेकली, पुन्हा सरळ झाली. पट्टा पोटात रुतला. मी खुर्चीतच होतो. उजवं कोपर सोललेलं, आणि उजव्या मोटारीच्या निळ्या झाकणावर वीतभर पांढरा ओरखडा.

मागचे लोक बाजूला झाले होते. कुणाला लागलं नाही. हे मी दोनदा विचारलं.

मावशी धापा टाकत खाली आल्या. आधी सुनीलला बोलल्या, मग भाच्यांना, मग माझ्याकडं वळल्या. "अन् तू रे? मशीन तुझं. त्याचं खाली-वर तुला ठाव नाय व्हय?"

ठाऊक होतं. चाळीस पानांतलं एक चित्र होतं, दोन खटके आणि दोन बाण. बॅटरी संपली तर खुर्ची हातानं ढकलायला ते वर करायचे, चाकं मोकळी होतात. मोकळी म्हणजे ब्रेकसकट मोकळी. मी म्हटलं होतं, आपली बॅटरी कशाला संपते, आणि पान उलटलं होतं. खुर्चीत बसल्यावर ते खटके दिसतही नाहीत. आणि खुर्चीनं ओरडून सांगितलं, तर मी तिचं तोंड बंद केलं.

"सुनीलभाऊ," मी म्हणालो, "ते खटके खाली करा. दोन्ही. आवाज आला पाहिजे."

कट्. कट्. मी खुर्ची चालू केली. हिरवा दिवा.

भाचा म्हणाला, "दादा, आता राहू द्या. इथून मिनार दिसतोयच."

दिसत होता. मावशींनी त्यांच्या रुमालानं माझं कोपर बांधलं, गाठ मारली. अट तर तुटलीच होती. ओरखडा होता. परत गेलो असतो तरी ओरखडा राहणारच होता. मग नुसता ओरखडा घेऊन का जायचं?

"मी जाणार," म्हणालो. "पण आता मी सांगतो तसं. तुम्ही दोघं मागं, हात पाठीला टेकून, ढकलायचं नाय. खटक्यांना कुणी शिवायचं नाय. मी 'धरा' म्हटलं तरच धरायचं."

वेग एक. खाच सोडून डावीकडून, सरळ. दोन तळवे पाठीमागं होते, ते मला कळत होते. मोटार घुरघुरली, दगड, फट, दगड, आणि खुर्ची वर आली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुनील फक्त म्हणाला, "टॉर्क चांगलाय."

पुढं एके ठिकाणी पायऱ्या लागल्या. तिथं मी स्वतःच 'धरा' म्हटलं. आधी मला उचलून कट्ट्यावर बसवलं, मग बंद केलेली खुर्ची खालच्या लोखंडाला धरून. तीन वर्षं केलेल्या हिशोबात 'कुणाचा हात न लागता' असं होतं. तो हिशोबच चुकीचा होता. हात लागू द्यायचा, पण कुठं आणि कधी ते आपण सांगायचं.

चांदमिनारच्या पायथ्याशी खुर्ची थांबवली, बंद केली, दोन्ही हातांवर अंग उचलून धरलं. हे दर अर्ध्या तासाला करायचं, नाहीतर बसून जखमा होतात, आणि त्या कळतही नाहीत. मान मागं टाकून वर बघितलं. मिनार लालसर, सकाळच्या उन्हात. पूर्वी मी याच्याजवळून पळत जायचो, वर जायची घाई असायची. एवढा उंच आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मावशींनी पिशवीतून जाम काढला, मीठ लावून दिला. "खा. अन् बापाला खरं सांग."

मी त्यांना अब्बांबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. पण सोललेल्या कोपराच्या पोराला बाप असणारच, हे त्यांना माहीत होतं.

उतरताना वेग एकच, सरळ रेषेत, आणि मध्येच बटण दाबून बंद करायची नाही, फक्त जॉयस्टिक सोडायची. पायऱ्यांवर तेवढं पुन्हा 'धरा' म्हटलं, बाकी मामूंच्या घरी पोचेपर्यंत कुणी हात लावला नाही.

परत

तिसऱ्या दिवशी भगवानभाऊ भेटायला दोन तास होते. गुलमंडीजवळ एक रेडियमवाले चाचा बसतात, नंबरप्लेट, गाडीच्या पाठीवरची अक्षरं. मी त्यांना ओरखडा दाखवला.

"निळा रंग मार दूँ? पाँच मिनिट. पता बी नै चलेगा."

पाच मिनिटं. अब्बा संध्याकाळी बघणार, त्यांची नजर आता पूर्वीसारखी नाही. मी परीक्षा पास. पुढच्या महिन्यात पितळखोरा, मग पैठण, मग कुठंही.

चाचांनी डबा उघडला. निळा रंग अगदी तोच होता.

माझ्या मनात सुनील आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. आणि पुढच्या चढावर दुसरा सुनील असणारच.

"चाचा, रंग नको. अक्षरं कापा."

"मराठी के उर्दू?"

"दोन्ही."

पाठीवर लावलं: 'आधी विचारा, मग हात लावा.' आणि खाली, दोन्ही खटक्यांच्या शेजारी, बाण काढून: 'हा ब्रेक आहे.' पिवळं रेडियम, निळ्यावर झगझगीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या पाठी वाचल्या, आता माझी कुणीतरी वाचेल. दीडशे रुपये घेतले. ओरखडा तसाच राहिला, दोन अक्षरओळींच्या मधोमध.

घरी पोचलो तेव्हा अब्बा एका सदऱ्याची बाही जोडत होते. मला खाली उतरवलं, खुर्चीत बसवलं, आणि खुर्चीभोवती एक फेरी मारली. पाठीमागं थांबले. मला दिसत नव्हते.  मग त्यांचं बोट त्या झाकणावरून फिरल्याचा खर्रर आवाज आला.

"ये?"

मी सगळं सांगितलं. फुशारकी, खटके, टीं टीं आणि मी दाबलेलं बटण. बटणाचं सांगताना थांबलो, पण सांगितलं. "अब्बा, वो मुझे बोल रही थी. मैंने चुप कर दी."

अम्मी दारात आली, कोपर बघून आत हळद आणायला गेली. अब्बा वळले. मशीनवर जाऊन बाही पूर्ण केली, दोरा दातानं तोडला. मग म्हणाले, "ये खटके मेरे कू मालूम थे."

"तुमको?"

"रोज रात को तू सोया, की मैं खटके उपर करता, खुर्ची ओसरी में से अंदर लाता, चार्जिंग को लगाता. मोटर चालू करके लाता तो आवाज होता, तू उठता. सुबह फजर को पैले खटके नीचे करता, फिर नमाज." थांबून म्हणाले, "दीड महिना. एक बार बी नै भूला. तेरे कू बोलना, बस वही भूल गया."

खुर्ची नीचे से देखो. मामूंनी पुसून काढली होती.

म्हणजे दीड महिना मी जी खुर्ची 'माझी मी' चालवत होतो, ती रोज पहाटे अब्बांच्या हातानं चालण्यासारखी होत होती. मला वाटायचं ती अशीच असते.

मी वाट बघत होतो. निकालाची. अब्बा उठले, कापायच्या टेबलावरून त्यांची मापाची लाकडी पट्टी उचलली. ती जुनी आहे, कडा पितळी, माझ्या जन्माच्या आधीची. गिऱ्हाइकालासुद्धा हात लावू देत नाहीत.

"बैठे-बैठे पीछे हात डाल. नीचे तक. पट्टी से ठोक."

मी हात मागं टाकला. पट्टी खाली नेली. टक. खटका खाली होता, घट्ट. दुसऱ्या बाजूला. टक.

"वर असला तर?"

"आवाज बदलेगा. मोकळा आवाज." त्यांनी एक खटका वर केला. ठप्. पुन्हा खाली केला. टक. दहा वेळा करवून घेतलं, डोळे मिटून.

"आता रोज मैं नै देखूँगा," अब्बा म्हणाले. "तू देखेगा. पट्टी रख."

 ओसरीचा विषयच निघाला नाही.

या सहलीतून काय उरलं म्हणाल, तर तो पतंग. मांजाच घेतला नव्हता, त्यामुळं उडवता येत नाही, भिंतीला लावलाय. कोपरावरचा डाग आहे. मावशींच्या गाठीचा रुमाल अम्मीनं धुऊन ठेवला, तो वैजापूरला परत द्यायचा आहे. पत्ता नाही, पण सुनीलचा पंपाचा धंदा सापडेलच. आणि ती पट्टी, खुर्चीच्या डाव्या बाजूला अब्बांनी शिवलेल्या लांब खिशात.

आज सकाळी मी एकटा निघालो. जॉयस्टिकवरची टोपी काढली, पट्टा लावला, बक्कल ओढून बघितली. मागं हात टाकला. टक. टक. अब्बा मशीनवर होते, त्यांनी वर बघितलं नाही. पण दुसऱ्या टक् नंतरच त्यांचं पायडल सुरू झालं.